गोल म्हणजे बाई

गोत्रीच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर
एक मुलगी कोरा कागद ओढते, विचारते,
"फोई केटली?"
मी म्हणते तीन. मग म्हणते चार,
एक पाळण्यातच गेली, ती धरायची का?
"सगळ्या धरायच्या," ती माझ्यासाठी मराठीत येते
आणि गोल काढू लागते.
चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई.
काळा भरला की आजार,
तिरकी रेघ मारली की माणूस गेलेलं.

माझ्या पोटात दोन गाठी आहेत.
एक मोठ्या आतड्याच्या तोंडाशी,
दुसरी जठराच्या तळाला.
मला वाटलं, एकीनं दुसरीला बोलावून घेतलं असेल.
डॉक्टर पारीख म्हणाले, नाही,
या एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत.
दोन भाडेकरू, दोन जिन्यांनी वर आलेले,
एकाच महिन्यात सापडलेले.
मग घरातच काही खोट असेल, मी म्हटलं.
ते जरा वेळ चष्मा पुसत राहिले.
पेशी रोज स्वतःची नक्कल उतरवते, म्हणाले,
चुका होतात, सगळ्यांच्याच होतात,
त्या पकडायला दोन तपासनीस असतात.
तुमचा एक जन्मापासूनच आंधळा.
दुसरा बिचारा सेहेचाळीस वर्षं एकटा राबला,
आणि दोन ठिकाणी
त्याचा डोळा लागला.

वंशावळ आहे आमच्याकडे.
भावाच्या फ्लॅटमध्ये, अलकापुरीत, टीव्हीच्या वर, काचेत.
फणसे, नऊ पिढ्या, शिलेदारीपासून.
मी मोबाइलवर फोटो काढून आणला होता.
मुलीनं दोन बोटांनी तो मोठा केला,
वर गेली, खाली गेली,
फार नम्रपणे फोन परत दिला.
"आमां बैरां क्यां छे?"

म्हणून काल रात्री धारला फोन लावला, मालूआत्याला.
एक्क्याऐंशीची. ऐकू कमी येतं, आठवतं जास्त.
चंपू चाळिशीत गेली, पोट नगाऱ्यासारखं झालेलं,
सासरचे म्हणाले, कुणी तरी काही खायला घातलं.
वच्छीला घास उतरत नसे, बोलली नाही कुणाला,
ताट परसात नेऊन गाईला घालायची,
गाय मस्त झाली होती गं, मालूआत्या म्हणाली
आणि हसली, आणि मग बराच वेळ
नुसती फोनची खरखर.
माझी आत्या द्वारकी, तिचं आतलं दुखणं.
आतलं म्हटलं की पुढे विचारायचं नसतं.

सासरची नावं सांग ना.
चंपूची सुहासिनी झाली. वच्छीची उमा.
द्वारकी इंदुरात दिली, तिची कोण झाली
ते आता सांगणारं कुणी नाही.

नाव बदललं, आडनाव बदललं,
आमटीत गूळ किती घालायचा तेही बदललं.
ते एक चुकलेलं अक्षर तेवढं
रुखवतात न मांडता
जसंच्या तसं घेऊन गेल्या पोरी.

बाबा त्रेपन्नाव्या वर्षी हृदयानं गेले, जेवून उठता उठता.
त्यांच्या चौकोनात मुलगी फक्त एक टिंब देते.
म्हणजे त्यांच्याकडे होतं,
त्यांना ते कधी उघडावं लागलं नाही.

"नावं नाही लागत," ती म्हणते, "वय पुरे."
लिहा तरी, मी म्हणते.
"कुठलं? माहेरचं की सासरचं?"
दोन्ही. मावत नसलं तर गोल मोठा काढा.

माझा गोल ती दोनदा काळा करते.
त्याच्याखाली एक रेघ, रेघेच्या टोकाला
एक छोटा गोल, आणि तिचं पेन थबकतं.

केतकी बाहेर बाकावर बसली आहे, कॉमर्स, दुसरं वर्ष.
येताना गाडीवर शेव-उसळ खाल्ली तिनं, तर्री जास्त घालून,
मी बघत उभी होते.
आत बोलावून मुलगी तिला समजावते:
हवं तर आज, हवं तर कधीच नाही.
शक्यता पन्नास टक्के.
"पन्नास?" केतकी म्हणते,
"अकाउंट्समध्ये मला एवढे कधी पडले नाहीत,"
आणि बाही दुमडते, आधी डावी,
मग काय वाटतं कोण जाणे,
ती खाली ओढून उजवी.